बोरकुटे भाऊंची सुधारित फिल्म

आमच्या शेजारचे बोरकुटे भाऊ गेलं वर्षभर रोज संध्याकाळी एका पोट्ट्याला घराबाहेर काढत होते आणि तो पोट्टा रोज भिंतीत शिरत होता. दार सताड उघडं, समोर रस्ता मोकळा, तरी हा शहाणा भिंतीतच. मग भाऊ कपाळावर हात मारायचे, त्याला परत आईसमोर नेऊन उभं करायचे आणि मला म्हणायचे, "चहा घ्या भैया, थोडा टाइम लागून राहिला."

घाबरू नका, पोट्टा कॉम्प्युटरमधला. भाऊंचा मुलगा सुयोग नोकरीसाठी कॅनडात गेला, मागे त्याचा कॉम्प्युटर राहिला आणि त्यात एक व्हिडिओ गेम. या गेममध्ये घर बांधता येतं, माणसं उठवता-बसवता येतात. ते रेकॉर्ड करायचं, वरून आवाज चढवायचा, की झाली फिल्म. भाऊंनी जन्मभर इथल्या, म्हणजे रायपूरच्या उरला कारखानपट्ट्यातल्या रोलिंग मिलमध्ये फोरमनकी केलेली. रिटायर झाल्यावर लोक देवाधर्माला लागतात, हे फिल्मलाइनला लागले.

बरं, फिल्म तयार नव्हती असंही नाही. पोट्टा आईच्या पाया पडतो, बापाशी दोन शब्द बोलतो, नोकरीला निघतो. संपलं. पण भाऊंचं पालुपद एकच, "बनली तर हाय भैया, आता सुधरवाची हाय."

गेम बनवणारे कुठले कोण साहेबलोक! त्यांच्या प्रत्येक घराला हिरवळ आणि पोहायचा तलाव. "आपल्या बीरगावात कोणाच्या घरी तलाव राहते?" म्हणून भाऊंनी तो लहान करून त्याचं पाण्याचं टाकं केलं. पोट्टा टाक्यातही पोहायला लागला. भिंती राखाडी केल्या. का, तर उरल्याची धूळ दिसली पाहिजे. पाया पडायचं बटन गेममध्ये नाहीच, तेव्हा व्यायामातला एक वाकण्याचा प्रकार हुडकून काढला. पोट्टा आईसमोर भक्तिभावानं वाकायचा खरा, पण एकदा वाकला की थांबायचा नाही. आई बिचारी आशीर्वादाचा हात वर करून त्याचा व्यायाम संपायची वाट बघत उभी.

आणि पायताणाचा घोळ वेगळाच. गेममधली माणसं दारात बूट काढत नाहीत. म्हणून भाऊंचा हिरो घरात कधी शिरायचाच नाही, फक्त बाहेर पडायचा. "बुटासकट पार चुलीपर्यंत जाते थो," भाऊ म्हणायचे. "मले नाही चालत."

यावर स्वयंपाकघरातून वहिनी ठेवून द्यायच्या, "पोट्टं गेलं अन् खेळणं मागं सोडून गेलं. आता हे खेळून राहिले!"

मला विचाराल तर हे सगळं खूळच वाटायचं. मी नागपूरहून बदलीवर आलेला माणूस, रायपूरबाहेरच्या नव्या राजधानीतल्या कचेरीतून धूळ खात घरी यायचं आणि एकट्यानं करायचं काय? वहिनींच्या हातचा चहा फक्कड असतो, म्हणून जायचो.

अडलं ते एका वाक्यावर. निघताना पोट्टा बापाला जे म्हणतो, ते. तिथं आवाज सुयोगचाच पाहिजे, हा भाऊंचा हट्ट. आता सुयोग रायपुरात वाढलेला. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. त्यानं फोनवर आवाज पाठवला, "चलता हूँ, पापा." भाऊंनी कळवलं, मराठीत पाहिजे. मग आलं, "जातो, बाबा."

भाऊ खुर्चीतून उठलेच. "जातो? घरून निघताना जातो म्हणते का कोणी? येतो म्हणते!" लगेच फोन लावला. तिकडे सुयोग वैतागला, "पापा, जाने वाला 'जातो' ही तो बोलेगा ना! आ कहाँ रहा है वो?"

आता घ्या! पोरगा तसा बरोबरच. भाऊ फक्त "सुधरव" म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

त्यानंतर सुयोगचा फोन येईना की मेसेज. कित्येक आठवडे असे गेले. भाऊंनी कॉम्प्युटर लावणं सोडलं. वहिनी चिडल्या, "काहून छळलं पोट्ट्याले? एका शब्दापायी बोलेनासा झाला ना!" मला राहवेना. म्हटलं, "भाऊ, मी म्हणतो 'येतो'. माझा आवाज घ्या आणि संपवा ती फिल्म."

"तुमचा काय उपयोग भैया," भाऊ म्हणाले, "तुम्ही तर रोजच येता."

मग माझ्याकडे न बघता बोलले, "एअरपोर्टवर 'चलता हूँ' म्हणून गेला थो. मले वाटलं, गडबडीत हाय. पण चाललो म्हणणारा चाललाच ना? आपल्यात जाणारा 'येतो' म्हणून निघते. त्यानं एक डाव म्हटलं पाहिजे. फिल्ममध्ये तर फिल्ममध्ये."

मी बशीतला चहा संपवला.

परवा गेलो तर भाऊ फोन मांडीवर घेऊन बसलेले. सुयोगचा आवाज आला होता, यांनी ऐकलाच नव्हता. "अजून 'जातो'च असन तर?" असं म्हणून फोन माझ्या हातात दिला. मी लावला.

"येतो, बाबा." मग थोडं थांबून, कोणी न सांगता, "आई, येतो."

आत पोळ्या लाटायचा आवाज थांबला. "ये रे बापू, लवकर येजो!" वहिनी सवयीनं ओरडल्या आणि पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघंच होतो.

भाऊंनी माझ्या हातातला फोन घेतला आणि आवाज पुन्हा लावला.

वहिनी पुन्हा म्हणाल्या, "ये."