बंदराचा रस्ता वापरणारे तात्या

ज्या रस्त्यानं कुणीही कुठेही जात नव्हतं, त्या रस्त्यानं आमच्या गावचे तात्या राऊत रोज सकाळी जात. डोक्याला टोपी, काखेत छत्री. रस्ता म्हणजे जुन्या बंदराकडे जाणारी गाडीवाट. बंदर गाळानं भरलं, गलबतं यायची बंद झाली आणि वाटेवर करवंदीच्या जाळ्या माजल्या. तात्या छत्रीनं जाळ्या बाजूला सारत चिखलापर्यंत जात, जरा वेळ उभे राहत आणि परत येत.

"कुठे निघालात तात्या?" असं विचारलं तर म्हणत, "रस्ता वापरतोय. सरकारी हाय, कोनी वापराय नको?"

साठ सालानंतरची गोष्ट. मी साताऱ्याकडचा, नोकरीसाठी दातिवऱ्याच्या अलीकडच्या त्या गावात मास्तर म्हणून येऊन पडलो होतो. शाळेला खोली एक, इयत्ता चार. पहिलीची बाराखडी सुरू झाली की चौथीला भागाकार सुचत नसे, आणि मला तर काहीच सुचत नसे. जिल्हा परिषदा नव्यानंच आल्या होत्या. आम्हाला दुसरी खोली मंजूर झाली, पण जागा आठ फुटांनी कमी पडली. शेजारी ती ओसाड गाडीवाट. ग्रामपंचायत म्हणाली, घ्या. पालघरची कचेरी म्हणाली, रस्ता वापरात नाही असा पंचनामा होऊ द्या.

सर्कल साहेब एस.टी.नं आले. घाम पुसत लिहू लागले, "सदर रस्ता वापरात नसून..." तेवढ्यात जाळीतून आधी छत्री बाहेर आली, मागून तात्या.

"हे कोण?"

"वापरनारा," तात्या म्हणाले. "नाव लिवा. पांडुरंग राऊत."

साहेबांनी 'नसून' खोडलं आणि परतीची एस.टी. गाठली. दोन महिन्यांनी पुन्हा आले. पुन्हा छत्री, पुन्हा तात्या.

मी कचेरीत इतक्या खेपा घातल्या, की तिथला शिपाई माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करू लागला. शेवटी साहेब म्हणाले, "त्या म्हाताऱ्याची लेखी संमती आणा. नाहीतर दिवाळीनंतर मंजुरी रद्द."

म्हणून मी तात्यांच्या घरी जाऊ लागलो. तात्या नाही म्हणत नसत. काळा चहा करत आणि बंदरावर बैलगाडी हाकायचे ते दिवस सांगत. गवताचे भारे, बंदरातली गर्दी, गाडी अडली तर खांदा द्यायला धावणारी माणसं. मी संमतीचा कागद काढला की म्हणत, "इचार करतो. मंगळवारी या."

असे सात मंगळवार गेले. पाय दुखायचे. डोक्यात तेच ते बैल फिरायचे. आठव्या मंगळवारी शेवटचं विचारायचं आणि मंजुरीवर पाणी सोडायचं, असं ठरवून निघालो.

त्या दिवशी जरा लवकर पोचलो. शेजारची जानकीकाकू दारातून म्हणाली, "मास्तर, एवढ्यात कसे आलात? तात्याचं अंगन सारवून व्हायचं हाय अजून."

"माझ्यासाठी सारवतात?"

"मग कोनासाठी? बायको गेल्यापासून त्या घरात कोन जात नाय. लेक मुंबईला, तो येत नाय. म्हातारा सोमवारी गावभर सांगत फिरतो, उद्या मास्तर यायचे हायत."

मी परत फिरलो. शाळेच्या पायरीवर अर्धा तास काढला आणि मग ठरल्या वेळी गेलो. अंगण ओलं होतं. मी कागद काढला नाही. बैलांची नावं विचारली. तात्यांनी नावं सांगितली, खोडी सांगितल्या, आणि उन्हं उतरेपर्यंत बोलत राहिले. मी उठलो तेव्हा म्हणाले, "आज कागदाचं बोलला नाय तुमी."

"राहू द्या तात्या."

ते छत्रीच्या मुठीकडे पाहत बसले. मग म्हणाले, "पोरं दाटीनं बसत असतील."

"बसतात."

"काढा कागुद."

सात आठवडे खिशात फिरवलेली शाईची डबी मी पुढे केली. तात्यांनी जोर लावून अंगठा उमटवला आणि तो पुसायला माझा रुमाल मागितला. अंगठा कधीच स्वच्छ झाला होता, तरी ते पुसतच राहिले. माझ्याकडे पाहीनात, रुमालही देईनात.

मी पुन्हा खाली बसलो.