झोआ उमलेपर्यंत कोणी हलायचं नाही

"अहो, मी पाणी प्यायला उठू का?" आतल्या खोलीतून बायकोने विचारलं.

"थोडं थांब. आत्ता कुठे दोन उघडलेत," दाताचे डॉक्टर कुजबुजले.

बायको शाळेत गणित शिकवायची. ती पलंगावर पाय वर घेऊन उत्तरपत्रिका तपासत होती. पाय वर, कारण दुपारपासून घरात चालायला बंदी होती. पंखे बंद, पडदे ओढलेले, दाराच्या घंटीची वायर काढून ठेवलेली. बैठकीच्या खोलीत फक्त निळा उजेड होता, आणि त्या उजेडात डॉक्टर काचेच्या टाकीसमोर गुडघे टेकून, कॅमेरा डोळ्याला लावून, श्वास रोखून बसले होते.

टाकीत खारं पाणी होतं आणि पाण्यातल्या दगडावर झोअँथिड जातीचं प्रवाळ. शर्टाच्या बटणाएवढं एकेक तोंड, भोवती बारीक झालर, आणि रंग असे की कापडाच्या दुकानदाराने शेजारी शेजारी ठेवायची हिंमत केली नसती. डॉक्टर त्यांना लाडाने झोआ म्हणत. उमलले की बघत राहावं असे. पण भलतेच मानी. कोणी जोरात चाललं, टाकीतली गोगलगाय अंगावरून गेली, की तोंड मिटून बसायचे ते बसायचेच. दिवसभर लोकांना "तोंड उघडा, अजून उघडा" म्हणत पोट भरणाऱ्या माणसाने हौसही नेमकी हीच शोधावी, याला काय म्हणायचं!

ही टाकी आली तेव्हा जेवणाचं टेबल गेलं. दोन वर्षं दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवत होती. शेवटी बायकोने निकाल दिला, टाकी क्लिनिकमध्ये जाईल. डॉक्टरांनी हातापाया पडून एक सवलत मिळवली. हौशी मंडळींची संघटना दरवर्षी एक दिनदर्शिका काढायची. तिच्यात डॉक्टरांच्या झोआंचा फोटो छापून आला तर टाकी घरात राहील. फोटो पाठवायचा आज शेवटचा दिवस होता. टाकी हलवली की झोआ महिना महिना रुसणार, काही जगणारही नाहीत, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. त्यांचा जीव त्या टाकीत अडकला होता.

म्हणून आज तयारी जय्यत होती. दातांचे फोटो काढायचा कॅमेरा क्लिनिकमधून आणला होता. निळ्या उजेडात झोआ झळझळतात, पण फोटोत सगळंच निळं येतं. त्यावर डॉक्टरांनी उपाय काढला होता. दातातलं सिमेंट निळ्या दिव्याने पक्कं करताना डोळ्यांवर ज्या नारिंगी काचेचा आडोसा धरतात, तीच काच त्यांनी भिंगावर चिकटपट्टीने बसवली. गोगलगायी चिमट्याने उचलून कोपऱ्यात ठेवल्या. पाणी स्थिर राहावं म्हणून पंप बंद केला.

टाकीखालच्या कपाटात आणखी एक छोटी टाकी होती. पंप बंद झाला की वरचं थोडं पाणी तिच्यात उतरायचं, म्हणून ती नेहमी अर्धी रिकामी ठेवावी लागे. पण तशी ठेवली की तिच्यात पाणी गुळगुळ आवाज करत पडायचं, आणि त्या आवाजाने बायकोची बेरीज चुकायची. आज तिला खूश ठेवावं म्हणून डॉक्टरांनी सकाळीच ती छोटी टाकी काठोकाठ भरून टाकली होती. आवाज बंद झाला होता. बायको खूशही झाली होती.

तिसरा झोआ उघडला, चौथा उघडला, आणि दारावर धाडधाड थापा पडल्या. सगळे झोआ एका झटक्यात मिटले.

दारात खालच्या मजल्यावरचे रेडिओवरचे निवेदक उभे होते.

"क्लिनिकमधल्या मदतनीस बाईंनी तुमच्याकडे पाठवलं," ते तोंडावर हात धरून म्हणाले. "पुढच्या दातातलं सिमेंट पडलंय. स म्हटला की शिट्टी वाजते. संध्याकाळी थेट कार्यक्रम आहे, डॉक्टर! आणि बाई म्हणतात, नारिंगी काचच जागेवर नाही."

"काच कामात आहे," डॉक्टर हळूच म्हणाले. "आत या. बूट काढा. या खुर्चीत बसा आणि मी सांगेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. अजिबात."

निवेदक लगेच बसले. निळा उजेड, शांतता, गुडघ्यावर बसलेले डॉक्टर, हे सगळं पाहून ही उपचाराची काही नवी पद्धत असावी असं त्यांना वाटलं. त्यांनी तोंडही उघडून ठेवलं.

थोड्या वेळाने त्यांच्या खिशातला फोन थरथरला. त्यांनी तो हळूच कानाला लावला.

"अहो, ऐकलंत का, छतातून पाणी टपकतंय!" त्यांची बायको ओरडत होती. "वर जाऊन डॉक्टरांना सांगा आधी!"

"हं," निवेदक म्हणाले.

"सांगताय ना?"

"हं हं."

"मग उठा की!"

निवेदकांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी कॅमेऱ्यावरून नजर न काढता बोट ओठांवर ठेवलं. निवेदकांनी फोन बंद केला. अख्ख्या गावाला रोज बातम्या देणारा माणूस, आज हातातली बातमी गिळून बसला.

"अहो," आतून बायकोचा आवाज आला. "मी जागची हलले नाहीये हं. पण पाणीच माझ्याकडे आलंय."

डॉक्टरांनी मागे पाहिलं. त्यांचे गुडघे कधीचे भिजले होते, पण उत्साहात कळलं नव्हतं. कपाटाच्या दारातून पाण्याचा ओघ निघून, खुर्चीखालून, निवेदकांच्या मोज्यांना वळसा घालून पार पलंगापर्यंत पोचला होता.

"तुम्हाला दिसत नव्हतं का हो?" डॉक्टर निवेदकांवर ओरडले.

निवेदकांनी आधी खुणेने परवानगी विचारली. मग म्हणाले, "दिसत होतं की सगळं. पण तुम्हीच सांगितलंत, बोलायचं नाही." दर स ला शिट्टी वाजली.

तेवढ्यात निवेदकांची बायको हातात कप घेऊन वर आली. "चहात थेंब पडले! मी म्हणतेय साखरेऐवजी मीठ टाकलं की काय. दुसऱ्यांदा केला, तोही खारट!"

पुढे जे झालं ते घरातल्या प्रत्येक टॉवेलने पाहिलं. डॉक्टर बादल्या भरत होते आणि माफी मागत होते. फरशी कोरडी होत आली तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "हरलो मी. उद्या माणसं बोलावतो आणि टाकी क्लिनिकमध्ये नेतो."

डॉक्टरांच्या बायकोने फक्त पंपाकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी तो चालू केला, भिंगावरची नारिंगी काच सोडवली आणि निवेदकांना घेऊन खाली मान घालून क्लिनिकला गेले. सिमेंट नीट बसलं. निवेदक शिट्टीशिवाय "सुस्वागतम" म्हणाले आणि तसेच रेडिओ केंद्राकडे धावले.

डॉक्टर परतले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. आत बायको टाकीसमोर जमिनीवर बसली होती. समोर सगळे झोआ, अगदी कडेकडेचेसुद्धा, झालर पसरून टम्म उमलले होते. दोन वर्षांत डॉक्टरांनी असा थाट पाहिला नव्हता. बायको त्यांच्याशी बोलत होती, "या, या बाहेर. गेले ते."

डॉक्टर दारातच थबकले. हात आपोआप दाराजवळ ठेवलेल्या कॅमेऱ्याकडे गेला.

"त्याला हात लावू नका," बायको मागे न बघता म्हणाली.

"अगं, पण आजचा शेवटचा दिवस आहे. फोटो गेला नाही तर टाकी..."

"टाकी कुठे जात नाही. क्लिनिकमध्ये न्यायचाच तर तो कॅमेरा न्या. गरीब बिचारे, भिंग दिसलं की जीव मुठीत धरून बसतात."

डॉक्टर पावलं न वाजवता आले आणि तिच्या शेजारी बसले. भिंगाशिवाय झोआ अगदी जवळचे वाटत होते, घरच्यांसारखे.

"तो टोकाचा जांभळा बघा," बायको म्हणाली. "सगळ्यांत शेवटी उठतो, आळशी मेला. आणि हा हिरवा जरा भित्रा आहे, त्याला हाक मारावी लागते."

"तुला कसं गं माहीत?"

"कसं म्हणजे? शाळेतून आल्यावर रोज बसते की इथे. तुम्ही घरी नसता तेव्हा."