गुरुजींचा लाडका शब्द

भैयालाल गुरुजींनी मुलाला त्याच्या नावाने शेवटची हाक मारली ती बारशाला. त्यानंतर तीस वर्षं गजेंद्र घरात 'नालायक' म्हणूनच नांदत होता. बालाघाटच्या एका कचेरीत तो कॉम्प्युटर सांभाळायचा, बापाची औषधं न विसरता आणायचा. पण गुरुजी पडले निवृत्त भाषाशिक्षक. एकदा बसवलेला शब्द ते बदलत नसत.

परसवाड्याहून हेमराजजी मुलीला, श्रुतिकाला, घेऊन घर पाहायला येणार होते. त्या सकाळी शांताबाईंनी नवऱ्याला देवासमोर उभं केलं. "आज तो शब्द तोंडातून निघाला, तर मी राजेगावले माहेरी चालली जाईन." याआधी तीन स्थळं त्याच शब्दावरून परत गेली होती. हे चौथं गेलं, तर पाचवं यायची आशा नव्हती.

पाहुणे बसले. गुरुजी मधाळ आवाजात म्हणाले, "गजेंद्र बेटा, चहा आण."

आत हालचाल नाही.

"गजेंद्र बेटा."

गजेंद्र ट्रे घेऊन दाराआडच उभा होता. बाबा एवढ्या प्रेमाने कोणाशी बोलताहेत, हे त्याला कळेना. पाहुण्यांबरोबर त्याच नावाचा कोणी आला असेल, असं समजून तो अदबीने थांबला.

हेमराजजींनी हळूच विचारलं, "गुरुजी, पोराले ऐकू कमी येते का?"

"नाही हो."

"मंग येऊन काहून नाही राह्यला? पहिलेच सांगून द्यायचं होतं." ते पायाने चपला चाचपू लागले.

गुरुजींचा नाइलाज झाला. "ऐका. आम्ही याले तीस वर्षांपासून नालायक म्हणतो. 'ना' फारसीतला, 'लायक' अरबीतला. ज्याच्यात पात्रता नाही, तो. वापर बापानं पोरासाठी करायचा, जेवणाआधी आणि जेवणानंतर. ही शिवी नाही." परदेश फिरून आलेल्या शिवीला विद्वत्ता म्हणतात, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. शांताबाईंनी कपाळाला हात लावला.

"मारून दाखवा बरं हाक," हेमराजजी म्हणाले.

"अरे नालायका!"

क्षणात ट्रे समोर. चहाचा थेंबही सांडला नव्हता.

"कान तर मस्त आहेत," म्हणत हेमराजजींनी मुलीकडे पाहिलं. श्रुतिका परसवाड्याच्या शाळेत शिकवायची. तिने कप खाली ठेवला.

"काकाजी, ज्याले साधं काम जमत नाही, तो नालायक. बरोबर?"

"हौ." इतक्या वर्षांनी कोणी अर्थ विचारतंय, म्हणून गुरुजी खूश झाले.

"मंग पोराले नावानं हाक मारणं तीस वर्षांत कोणाले जमलं नाही?"

गजेंद्र ट्रेवरची नक्षी बारकाईने पाहू लागला.

"मले पोरगा पसंत आहे," श्रुतिका म्हणाली. "लग्नाच्या पत्रिकेवर त्याचं नाव मात्र तुम्हीच लिहा, काकाजी. पण पहिले कोऱ्या कापीत शंभर वेळा लिहून दाखवा."

शांताबाई लगबगीने आत गेल्या आणि कोरी वही घेऊन आल्या.