बोलकं अल्तार

हॉलमधल्या अल्तारावर बाळ येशूच्या पुतळ्याशेजारी प्लास्टिकच्या लिलींची फुलदाणी होती. निकोलने दाराला आतून कडी लावली, लिलींच्या मागे लिंबाएवढा कॅमेरा बसवला आणि त्याची पिन अल्तारावरच्या लाल बल्बच्याच बोर्डात खुपसली. मग येशूकडे बघून पुटपुटली, "सॉरी हं. पण तू एकटा कुठे कुठे लक्ष ठेवणार?"

चर्चच्या ग्रुपबरोबर ती श्रीलंकेला निघाली होती, समुद्रकाठच्या एका अनाथाश्रमात सेवा करायला. नवरा ब्रायन बोटीवर. दोन वर्षांच्या फ्लेव्हियनला सांभाळायला सासूबाई, म्हणजे व्हिक्टोरिया मम्मी, तयार झालेल्या, पण एका अटीवर.

"दिवसाला एक फोन. 'शी केली का, नाक गळतंय का' असले फोन आले ना, तर मी पोराला घेऊन वसईला बहिणीकडे जाईन. तू आलीस तरी परत यायची नाही. विश्वास असेल तर जा, बाय."

निकोलचा विश्वास होताच. फक्त तो अधूनमधून तपासून बघायची तिला सवय होती. आणि मम्मींना कॅमेऱ्याचा भयंकर तिटकारा. वरच्या मजल्यावरच्या जागृतीने बाईवर नजर ठेवायला कॅमेरा लावला, तेव्हा मम्मी तिला तोंडावर म्हणाल्या होत्या, "माणूस ठेवायचं तर संशय ठेवू नये. संशय ठेवायचा तर माणूस ठेवू नये." हा कॅमेरा सापडला की मम्मी वसईला, पोराला सांभाळायला कुणी नाही, आणि निकोलची ठाण्याची नोकरी त्यांच्या मागोमाग.

आश्रमात निकोलच्या वाट्याला लहान मुलांची खोली आली. संध्याकाळी भात भरवायचं काम. पण मुलं ओठ घट्ट मिटून बसत. निकोलचं अर्धं लक्ष ओढणीखालच्या मोबाइलवर. तिकडे घरी, मानपाड्याला, मम्मी फ्लेव्हियनला पेज भरवत होत्या आणि तोही तोंड उघडत नव्हता. एका चिमुरडीने ओढणी उचलून आत डोकावून पाहिलं. मग दुसरीने. बघता बघता सगळी खोली मोबाइलभोवती गोळा झाली.

मम्मींनी चमच्याचं विमान केलं. फ्लेव्हियनने आ केला. इकडे सगळ्या मुलांनी आ केला. निकोलने पटापट घास भरवले.

आश्रमाच्या सिस्टर इलेन दारातून बघतच राहिल्या. "तुमच्या हाताला काहीतरी कृपा आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. निकोल लाजली. कृपा मानपाड्याहून येत होती.

तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला. जेवणं उरकून तिकडे मम्मी अल्तारासमोर रोझरी म्हणत होत्या, डोळे मिटून. त्यांच्या पाठीमागे फ्लेव्हियनने रिमोट उघडला, सेल बाहेर काढला आणि तोंडात घातला.

पुढे काय झालं ते निकोललाही नीट आठवत नाही. तिने मोबाइलवरचं कॅमेऱ्याच्या माइकचं बटण दाबलं आणि किंचाळली, "मम्मी! तोंडात सेल आहे त्याच्या! काढा आधी!"

तिच्यामागून आश्रमाची सगळी पोरं सिंहलीत ओरडली.

अल्तार कडाडलं. मम्मींनी डोळे उघडले, मागे वळून पोराच्या तोंडात बोट घातलं आणि सेल बाहेर काढला. मग त्या हळूच वळल्या आणि अल्तारापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. तेवढ्यात आवाज ऐकून जागृती धावत आली.

पाचच मिनिटांत ग्रुपबरोबर आलेल्या फादर रुडॉल्फचा फोन वाजला. मम्मींच्या फोनवरून जागृती बोलत होती. स्पीकर चालूच होता.

"फादर, चमत्कार झाला! आंटीच्या घरी देव बोलला! बाळाला वाचवलं!"

"देव बोलला? काय बोलला?"

"आंटीला 'मम्मी' म्हणाला!"

"मराठीत?"

"मग! आणि मागून देवदूत ओरडत होते, वेगळ्याच भाषेत. मी माझ्या कानांनी जिन्यात ऐकलं!"

फादरनी फोन ठेवला आणि शेजारी उभ्या निकोलकडे बघितलं. ती फरशी बघत होती.

"वीस वर्षं प्रवचन करतोय मी," फादर म्हणाले, "माझं एक वाक्य कुणी जिन्यात उभं राहून ऐकलं नाही."

"फादर, प्लीज. मम्मींना कळलं तर त्या घर सोडतील."

"घरी जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगायचं. तोवर मी गप्प. आणि तुझं अल्तारही गप्प."

पण मानपाडा गप्प बसेना. दुसऱ्या दिवशी जागृती नारळ घेऊन आली, सोबत झेंडूचा हा एवढा हार. तो तिने नेमका लिलींवर घातला. निकोलच्या स्क्रीनवर नुसतं केशरी. फ्लेव्हियन दिसेना, म्हणून आश्रमातल्या पोरांनी संप पुकारला. भात तसाच राहिला.

"फादर, हार काढायला सांगा ना!"

"मी खोटं बोलू?"

"खोटं नाही. पोरं उपाशी आहेत."

फादरनी फोन लावला. "व्हिक्टोरियाबाई, अल्तार जरा मोकळं ठेवा. हाराने... अडतं."

"काय अडतं, फादर?"

"दृष्टी," फादर म्हणाले आणि क्रूसाची खूण केली.

हार निघाला. पोरं जेवली. त्या संध्याकाळपासून मम्मींच्या रोझरीनंतरच्या प्रार्थना मात्र लांबत गेल्या, तेही खणखणीत आवाजात.

"येशू, त्या निकोलला सुखरूप ठेव. पोर गुणाची आहे, फक्त काळजीने वाळून चाललीय. तिला सांग, पोराला मच्छीचा रस्सा भातावर घातला तर काही होत नाही. हे बघ, कसा खातोय. आणि तिकडची दालचिनी चांगली असते म्हणतात. मला काय, मी आपली सांगते तुला. चहा पण. आणि घरात घालायला एक गाऊन, निळा, खिशावाला."

निकोलला रडूही आलं आणि हसूही. आपण गुपचूप सगळं घेऊन जावं, मम्मी खूश होतील, त्या भरात कबुली दिली की राग अर्धा होईल, असा तिने हिशेब मांडला. भर उन्हात सारा बाजार पालथा घातला.

घरी आल्यावर फ्लेव्हियन आधी तिच्या गळ्यात पडला, मग बॅगेत शिरला. मम्मी एकेक वस्तू बाहेर काढत होत्या.

"दालचिनी आली. चहा आला. गाऊन आला." त्यांनी गाऊन उलटून पाहिला. "खिसा आहे. पण हिरवा कसा गो? मी निळा सांगितलेला."

"निळा तुमच्या मापात नव्हता, मम्मी, मी चार दुकानं..."

निकोलने चमकून अल्तारावरच्या लिलींकडे पाहिलं.

"त्या लिली मी रोज पुसते, बाय," मम्मी शांतपणे म्हणाल्या. "तू विमानात बसायच्या आधी सापडलेला मला तो."

"मग... तुम्ही वसईला..."

"बॅग काढलेली मी. मग वाटलं, पहिल्यांदा लेकराला सोडून चाललीय. बघू दे दोन दिवस. मग तो सेल." त्या जरा थांबल्या. "तू ओरडली नसतीस तर आज मी तुला तोंड दाखवलं नसतं."

"आणि चमत्कार?"

"मी कुठे म्हटलं? जागृती म्हणाली. नारळ चांगले निघाले, मी वड्या केल्या."

निकोल खुर्चीवर चढली आणि कॅमेऱ्याची पिन उपसायला हात लावला.

"राहू दे," मम्मी म्हणाल्या. "तुझा आवाज मी ओळखला. पण मागून ओरडणारी ती पोरं कोण?"

निकोलने सगळं सांगितलं. विमानाचा चमचा, आ, केशरी संप. मम्मींनी घड्याळाकडे पाहिलं.

"आणि आता? आज त्यांना कोण भरवणार?"

संध्याकाळी निकोलने पाठवलेल्या लिंकवरून सिस्टर इलेनच्या मोबाइलवर मानपाड्याचा हॉल उघडला. मम्मींनी हिरव्या गाऊनच्या टोकाने लेन्स पुसली, लिली बाजूला सारल्या आणि पाट ओढून अल्तारासमोर बसल्या.

"उघड तोंड, मेल्या," त्या फ्लेव्हियनला दटावत म्हणाल्या, "तिकडे पोरं खोळंबलीत."