बिनआजाराचं रक्त

आजारी माणसाचं रक्त कोणीबी काढतं. आमच्या आखाडा बाळापुरातला सुदाम लॅबवाला धडधाकट माणसांच्या मागं सुई घेऊन पळायचा.

"मावशी, तब्येत बरी?"

"बरी हाय की."

"काही तकलीफ न्हाई?"

"न्हाई बाबा."

"लै बेस! मंग हात पुढं करा."

एसटीडी बूथ नवेनवे होते तेव्हाचं सांगते. एका लग्नात तर ह्यानं बँडवाल्यांनाच गाठलं. ढोलवाला ढोल टाकून पळाला. मी विचारलं, "काहून रे, आमचं रक्त इकतोस का काय?"

"मावशी, टायफॉइड येऊन गेला की रक्तात खूण ठेवतो. आपलं पाणी असं, की निरोग्यातबी थोडी खूण सापडतेच. ती किती हेच ठाऊक न्हाई, तर आजाऱ्याचा रिपोर्ट काय कपाळ वाचायचा?"

मला काही कळलं नाही. मान हलवली, हात मात्र पदराखालीच ठेवला.

पुढं आमची नात पिंकी तापानं फणफणली. डॉक्टरनं आपल्याच दवाखान्यात रक्त तपासलं अन् रिपोर्ट बघून टायफॉइडची औषधं दिली. चार दिवस झाले तरी उतार नाही, पोरगी बरळायला लागली. सुदामनं रिपोर्ट पाहिला अन् म्हणाला, "एवढी खूण तर गावभर हाय. हे दुसरंच काही दिसतं. नांदेडला न्या, आत्ताच."

माझा लेक भडकला. "तू काय डॉक्टर हाईस?"

"मावशी, हात."

ह्या वेळी दिला. सुदामनं रक्त थिजू दिलं, वरच्या पाण्याचा थेंब काचेवर घेतला, औषध मिसळून हलवलं. बारीक दाणे धरले.

"बघ. लेकराइतकीच खूण तुझ्या आईत हाय. अन् ही म्हातारी सकाळधरून शेजारणीसंगं भांडून राहिली!"

लगेच जीप केली. नांदेडला मलेरिया निघाला, पार डोक्यात चढलेला.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. दवाखान्याच्या व्हरांड्यात सुदाम बसला होता. मी म्हटलं, "आता तरी गावाला सोड बाबा. सगळ्यांच्या दंडाची चाळणी केलीस."

तो हसला नाही. "माझी पोर वंदी अशीच गेली, मावशी. टायफॉइडचा रिपोर्ट मीच लिहिला व्हता. तवा चांगल्या माणसाचं रक्त कधी बघितलंच नव्हतं."

मी त्याच्या शेजारी टेकले.

एवढ्यात आतून पिंकीनं पाणी मागितलं. मी गुडघ्यावर हात ठेवून उठेस्तोवर हा खाटेपाशी पोचलाबी. चमच्याचमच्यानं पाजत होता, अन् दर चमच्याला फुंकर घालत होता.

पाणी गारच होतं.