बंदर म्हसवड, मुक्काम पाऊण तास

म्हसवडला समुद्र नाही. समुद्र राहू द्या, त्या भागातली नदीसुद्धा वर्षातले बरेच महिने वाळूत तोंड लपवून असते. तरीही गेल्या वर्षी आमचं जहाज म्हसवड बंदराला लागलं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. जहाज म्हणजे बाळूभाऊजींची जुनी जीप. कप्तान तेच. प्रवासी दोघी, मी आणि त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ शालन. सिद्धनाथाच्या देवळाजवळ जीप उभी करून कप्तानांनी लांबलचक भोंगा दिला, आमच्या बाजूचं दार उघडलं आणि बजावलं, "उतरा. पाऊण तास. जहाज काय आपल्या आत्याचं न्हवं वाट बघाय."

चहाच्या टपरीवरच्या एका म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवली आणि दोन्ही बाजूंना मान वळवून जहाज शोधलं.

आता ह्यामागचं कारण सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आमच्या घराण्यातच काहीतरी आहे. काहीतरी आहेच, पण कारणही आहे.

बाळूभाऊजी माझे धाकटे दीर. सत्तरी ओलांडली, दात गेले, केस गेले, बाळू काही गेला नाही. उभा जन्म सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत काढलेला. शेतकऱ्याची हळद आली की व्यापाऱ्याला विकून द्यायची, हा धंदा. शेतकऱ्यांत राहून बोलणंही शेतकऱ्याचंच झालं, आणि त्या धंद्यातून त्यांनी एक तत्त्वज्ञान उचललं. "आक्खं पोतं कोण सांडून बघतंय, वैनी? मूठ काढायची. मुठीत कळतंय." दिल्लीला गेले तेव्हा लाल किल्ल्याची एक भिंत बघून "कळलं" म्हणाले आणि मागे फिरले. लेकीसाठी स्थळ बघायला गेले, तर मुलाकडे ढुंकूनही न पाहता त्यांच्या माठातलं पाणी पिऊन आले. "माठ सोच्छ हाय. पोरगं बरं आसणार." पोरगं खरोखरच बरं निघालं, आणि तेव्हापासून भाऊजींना आवरणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही.

तर ह्या बाळूभाऊजींच्या पुण्याच्या मुलानं आईवडिलांना मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजाची तिकिटं काढून दिली. मुंबई ते कोची आणि परत. आमचे हे गेल्यापासून भाऊजींच्या प्रत्येक प्रवासात माझं एक तिकीट न बोलता निघतं, तसं ते ह्याही वेळी निघालं. जहाज सकाळी कोचीला लागणार आणि दुपारी सुटणार. एवढ्याशा वेळात काय बघणार म्हणून मुलगा हळहळला. भाऊजी म्हणाले, "लय झाला." कारण त्यांना कोचीत बघायचा होता फक्त एक माणूस.

सांगलीची हळद कोचीला जाते. तिथं तिचा अर्क काढतात. तिथले एक व्यापारी म्हणजे वर्गीसशेठ. भाऊजींना मिसरूड फुटलं तेव्हापासून ह्या दोघांचा रोज सकाळी फोन. एकाला मराठी यायची, दुसऱ्याला मल्याळम, आणि हिंदी दोघांनाही येत नव्हती, म्हणून बोलायचे हिंदीत. "शेठ, आज तेज है. पाऊस न्हाई, माल न्हाई, लय तेज है." तेज म्हणजे भाव चढा. पलीकडून शेठ काय म्हणायचे ते आम्हाला कधीच ऐकू आलं नाही, पण भाऊजी हसून हसून खुर्चीतून घसरायचे. पुढं भाऊजींनी अडत मुलाच्या मेहुण्याकडे दिली, शेठनीही दुकान सोडलं. विकायला माल नाही, घ्यायला गिऱ्हाईक नाही, तरी सांगलीचा भाव रोज कोचीला जायचाच. दिवाळीला इकडून बेदाणे, तिकडून काळी मिरी. आणि एवढ्या वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

मग शेठ बोलायचे थांबले. फोन उचलला जायचा. पलीकडं कुणीतरी श्वास घेतंय एवढंच कळायचं. भाऊजी हॅलो हॅलो करायचे, जरा दम धरायचे आणि शेवटी त्या श्वासाला सांगलीचा भाव सांगून फोन ठेवायचे. रोज.

"राग धरलाय शेठनं," भाऊजींनी निदान केलं. "औंदाचं बेदाणं आंबूस निघालं आसणार. चूक माझी. मूठ काढून बघितली न्हवती."

कुणा तिकडच्या माणसाला मध्ये घालून चौकशी करू, असं मी सुचवलं. त्यावर ते म्हणाले की रुसलेल्या माणसाला तोंडावर भेटायचं असतं, मध्ये माणूस घातला की रुसवा वाढतो. चाळीस वर्षं संसार केलेल्या शालनचा भाऊजींच्या एवढ्या एकाच मताला पाठिंबा होता.

म्हणजे काम ठरलं. कोचीत उतरायचं, शेठचं घर गाठायचं, राग काढायचा, जहाज सुटायच्या आत परत यायचं. राग निघायला किती वेळ लागतो हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून बाकी सगळ्या गोष्टींचा वेळ कापायचा चंग भाऊजींनी बांधला. बायकांचा वेळ सगळ्यात आधी. म्हणून जीपचं जहाज करून गावोगाव तालीम.

पहिलं बंदर रहिमतपूर. हे शालनचं माहेर, आणि नियम असा की बंदरात नातेवाईक भेटला तरी चहाला बसायचं नाही. सख्ख्या भावाच्या दारावरून तिला नवऱ्यानं झपाझप चालवत नेलं. भाऊ ओट्यावरच बसलेला. तो उठून "आवं दाजी, आवं आक्का" करत मागं आला, तर दाजी मान न वळवता म्हणाले, "आमी परमुलखातलं हाय. वळख न्हाई." त्या भावाचा फोन पुढे आठवडाभर शालनला येत होता. दाजींना डॉक्टरला दाखवलंत का, एवढंच तो विचारत होता.

म्हसवडची हकिगत सांगितलीच. तिसरं बंदर औंध, आणि तिथं मात्र मी बुडाले. यमाईचं दर्शन घेऊन डोंगरावरून वेळेत उतरले होते, पण खाली बांगड्यांचं दुकान आडवं आलं. शालन मला खेचत होती हे खरं, पण खेचता खेचता तिनंही डझनभर भरून घेतल्या. परत आलो तर जीप गायब. उन्हातून आम्ही दोघी म्हाताऱ्या तंगडतोड करत गावाबाहेर आलो, तेव्हा कप्तान एका रसवंतीवर दुसरा ग्लास पीत बसले होते.

"ह्ये कोची आसतं तर आता नारळाखाली बसून रडत आसता," ते म्हणाले. "वाईची सवय गेली न्हाई तुमची, वैनी."

वाईचं तुम्हाला सांगायला हवं. माझं नुकतंच लग्न झालेलं आणि आम्ही एसटीनं महाबळेश्वरला निघालो होतो. मी मॅट्रिक झालेली, त्यामुळे जगातलं काही शिकायचं शिल्लक नाही अशी माझी प्रामाणिक समजूत. ढगाळ हवेत गॉगल लावला होता, कारण कुठल्याशा मासिकाच्या मुखपृष्ठावरच्या बाईनं लावला होता. त्यातून मला धड पायरीही दिसत नव्हती, पण सगळ्या स्टँडचं माझ्याकडे लक्ष आहे हे मात्र स्वच्छ दिसत होतं. वाईला गाडी थांबली. मी रिबिनी बघायला उतरले. कंडक्टरनं घंटी मारली ती ऐकलीसुद्धा, पण म्हटलं, मला सोडून गाडी जाईलच कशी? गाडी गेली. ह्यांना झोप लागली होती. पाचगणीला जाग आली तेव्हा शेजारी बायकोच्या जागी कोंबडीवाला. मी इकडं स्टँडवर गॉगल लावून रडत उभी, आणि माझ्या मते गॉगलमुळे ते कुणाला कळत नव्हतं. ही गोष्ट घरी पोचली तेव्हा भाऊजी हाफपँटमध्ये होते. त्यांनी ती जपून ठेवली, अजून मुरतेय. आज माझी नातवंडं ती मला ऐकवतात.

असो. आम्ही बोटीवर चढलो. शालननं पहिल्याच रात्री आवळासुपारीची पुडी संपवली आणि म्हणाली, "म्हसवडचं बंदर बरं हुतं. हलत न्हवतं." बोटीवर सहलींचं एक टेबल होतं. तिथल्या मुलीनं कोचीची चित्रं समोर मांडली. चिनी जाळी, राजवाडा, मसाल्याचं दुकान. मुलगी मराठीच होती. तिनं भाऊजींना बाजूला घेऊन कळकळीनं सांगितलं की आजोबा, आमच्या बसनं गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतःचे गेलात तर थांबत नाही.

"बस शेठच्या दारात जातीया का?"

नाही, ती म्हणाली.

"मग ऱ्हाऊ दे."

कोचीला उतरणाऱ्यांत आमचा नंबर पहिला. रिक्षावाल्यानं आम्हाला आधी गालिच्याच्या, मग दागिन्यांच्या दुकानात न्यायची फार खटपट केली, पण भाऊजी मिरीच्या पाकिटावरचा शेठचा पत्ता त्याच्या नाकासमोरून हलवायला तयार नव्हते. पूल ओलांडून मसाल्याच्या गल्लीत शिरलो. सुंठ, मिरी, वेलदोडे. नाक कुणाचं ऐकेना. आणि एका गोदामाच्या दारात हळदीची पोती दिसली मात्र, आमचे कप्तान चालत्या रिक्षातून उतरले. हळकुंड काढलं, मोडलं, कानाशी नेलं, वास घेतला आणि तिथल्या हमालाला मराठीत झापायला लागले की कमी शिजवलंय, मधे कच्चं हाय. हमाल हसत होता. भाऊजी दुसऱ्या पोत्याकडं वळले. शेवटी शालननं त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. "शेठचा राग काढाय आलाय का हळद शिजवाय?"

त्यांनी हळकुंड पोत्यात परत ठेवलं. मला वाटतं, त्यांना भीती वाटत होती. दार दोन पावलांवर आलं होतं, आणि तिथं पोचलं की कळणार होतं.

दार एका म्हातारीनं उघडलं. अंगावर पांढरं स्वच्छ वस्त्र. भाऊजींनी बेदाण्याची पिशवी छातीशी धरली आणि एकच शब्द उच्चारला, "सांगली." तिनं त्यांच्याकडं पाहिलं, मग आमच्याकडं, आणि "सांगली, सांगली" म्हणत भाऊजींचं मनगट धरून त्यांना जिन्यानं वर नेलं.

खिडकीत वेताच्या खुर्चीवर शेठ बसले होते. खांद्यावर पांढरा पंचा. शेजारच्या स्टुलावर फोन. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं. त्या म्हातारीनं, म्हणजे शेठच्या बायकोनं, स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून हात हलवला आणि फोनकडं दाखवलं. आम्हाला कळायचं ते कळलं. वाचा गेली होती. फोन मात्र शेठ स्वतःच उचलत होते.

भाऊजी उभेच. त्यांनी येताना पाठ केलेली हिंदीतली माफी तोंडातून निघाली आणि अर्ध्यात बसली. "शेठ... बेदाणा... मूठ..." मग ते रोजच्यासारखे मोठ्यानं म्हणाले, "आज तेज है, शेठ."

शेठचा अर्धा चेहरा हसला. त्यांनी डाव्या हातानं खांद्यावरचा पंचा ओढला, मांडीवर पसरला आणि तोच हात त्याच्याखाली घालून वाट बघत बसले.

यार्डात उघडे लिलाव यायच्या आधी हळदीचा भाव कापडाखाली व्हायचा. एकानं दुसऱ्याची बोटं धरायची, दाबायची, सोडायची, एवढ्यानंच आकडे सांगायचे. भोवती दहा माणसं असली तरी कुणाला अक्षर कळत नसे. भाऊजी पोरवयात ते शिकले होते, आणि शेठही त्याच धंद्यातले. पंचा बघून ते खाली बसले, सदऱ्याची बाही वर सारली आणि हात आत घातला.

दोघांचे चेहरे एकदम कोरे झाले, पक्क्या व्यापाऱ्यांसारखे. पंच्याखाली मात्र मांजराचं पिल्लू शिरल्यागत हालचाल चालली होती. मध्येच शेठनी मान झटकली. भाऊजींनी भुवया चढवल्या. मध्येच दोघेही खो खो हसले, एकाचा आवाज येत होता, एकाचा येत नव्हता. आतल्या खोलीत शालन आणि शेठची बायको केळ्याचे वेफर खात आपापल्या भाषेत नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगत होत्या, आणि दोघींना एकमेकींचा शब्दन् शब्द समजत होता. मी दारात उभी राहून घड्याळ बघत होते आणि बघितलेलं विसरत होते.

निघायची वेळ झाली हे शालननंच येऊन सांगितलं. भाऊजींनी हात काढला, पंच्याची नीट घडी करून शेठच्या खांद्यावर ठेवली आणि मागं न बघता जिना उतरले.

जहाजावर आम्ही वेळेत चढलो. वरच्या मजल्यावर कठड्याशी उभं राहून कोचीची माडांची रांग बारीक होताना बघत होतो. न राहवून मी विचारलं की एवढा वेळ पंच्याखाली चाललं होतं ते काय, आणि शेवटी भाव काय ठरला.

"कापडाखालचं भायेर सांगायचं नसतंय, वैनी," भाऊजी म्हणाले. मग त्यांनी दोन्ही कोपरं कठड्यावर टेकली.

"आन् ठरलं काय बी न्हाई. भाव ठरला की हात सोडावा लागतोय. त्यानं बी ठरू दिला न्हाई, म्या बी न्हाई."