घड्याळाचा मुक्काम

अणदूरच्या बब्रुवानरावांनी आपलं सोन्याचं घड्याळ नळदुर्गच्या व्याह्यांच्या घड्याळाशी बदलावं किंवा कसे, हा प्रश्न प्रथम नातवाच्या जावळाच्या पंगतीत उपस्थित झाला. तो तिथंच निकाली निघाला असता. पण पंगतीला दोन्हीकडचे पाहुणे होते, आणि पाहुण्यांसमोर कुठलाही प्रश्न निकाली काढायची आपल्याकडं पद्धत नाही.

हे घड्याळ म्हणजे बब्रुवानरावांच्या जन्माची पहिली आणि शेवटची चैन. नोकरीभर ते एका सरकारी कचेरीत, भिंतीवरच्या बंद पडलेल्या घड्याळाखाली बसले. निवृत्त झाले आणि थेट सोलापूर गाठून त्यांनी विलायती घड्याळ घेतलं. पातळ, दुधी तबकडीचं, चामडी पट्ट्याचं, नुसत्या दोन काट्यांचं. त्याला रोज सकाळी चावी द्यावी लागे. आंघोळ झाली की बब्रुवानराव चावी देत, घड्याळ कानाशी धरून त्याची टिकटिक ऐकत आणि मगच देवघरात जात. "देवाच्या आधी घड्याळाची पूजा," असं त्यांच्या पत्नी उमाबाई आल्यागेल्याला सांगत. माणसानं एका घड्याळावर इतका जीव लावू नये, पण त्यांनी लावला होता.

पंगतीत व्याही रणधीरराव म्हणाले, "व्याही, घड्याळ लई झ्याक हाय बघा तुमचं."

"तुमचंच हाय की," बब्रुवानराव म्हणाले.

यात वावगं काही नाही. व्याह्यानं म्हशीचं कौतुक केलं तरी असंच म्हणायचं असतं. त्यावर समोरच्यानं "असू द्या, तुमच्याच हाताला शोभतंय" म्हणायचं आणि दोघांनी भाताकडं वळायचं, ही रीत. पण रणधीररावांचा डोळा त्या घड्याळावर सोयरिकीच्या बोलणीपासून होता. त्यांनी आपल्या मनगटावरचं घड्याळ सोडून पत्रावळीशेजारी ठेवलं. तेही विलायतीच. निळी तबकडी आणि तिच्यात एक चंद्र. आभाळातला चंद्र जितका भरेल, तितकाच हाही भरायचा.

"मग हे तुमी घ्या," रणधीरराव म्हणाले. "चार दिस घालून बघा आन् सांगा."

"इचार करून सांगतो," बब्रुवानराव म्हणाले आणि ते घड्याळ त्यांनी खिशात ठेवलं. खरं सांगायचं तर चंद्र बघून त्यांचाही जीव किंचित पाघळला होता.

घरी आल्यावर उमाबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "न्हाय म्हणून सांगा की सरळ."

"व्याह्याला न्हाय कसं म्हणावं? आपली लेक हाय त्यांच्या घरात."

"मग व्हय म्हणा."

"आपल्या घड्याळाला न्हाय कसं म्हणावं?"

यावर उमाबाईंनी मेथीची दुसरी जुडी सोडली. आठवडाभरात नळदुर्गहून लेकीचा, हर्षालीचा फोन आला. "आप्पा, काय ते ठरवा बाई. मामंजी चहा पिताना सारखं रिकाम्या मनगटाकडं बघत्यात आन् मग माझ्याकडं बघत्यात."

बब्रुवानराव गेले माजी सरपंच चन्नबसप्पांकडं. गावात ज्याचं उत्तर सापडत नाही ते चन्नबसप्पांना विचारतात. उत्तर तरीही सापडत नाही, पण विचारल्याचं समाधान मिळतं.

"आपला खंडोबा काही महिने अणदुरात ऱ्हातो, काही महिने नळदुर्गात," चन्नबसप्पा म्हणाले. "दोनी गावं करार करत्यात, देव वाजतगाजत नेत्यात आन् आणत्यात. कुणी कुणाला न्हाय म्हणत न्हाय. देवाला जे चालतंय ते घड्याळाला न चालायला काय झालं?"

तोडगा बिनतोड होता. दोन्ही घड्याळं काही महिने इकडं राहतील, काही महिने तिकडं. रणधीरराव खूश झाले. करार लिहिला गेला. करार म्हटल्यावर त्याची अंमलबजावणी आली आणि अंमलबजावणी म्हटल्यावर समिती आली. अध्यक्षपदी चन्नबसप्पांची निवड एकमतानं झाली, कारण बैठक त्यांच्याच ओसरीवर होती.

पहिल्या मुक्कामासाठी घड्याळं हलगीच्या गजरात निघाली. निघताना अणदूरच्या पंचांनी पंचनामा केला: काटे दहा वाजून दहा मिनिटांवर. नळदुर्गला पोचल्यावर तिथल्या पंचांनी डबी उघडली, तर काटे पावणेबारावर. त्यांनी शेरा मारला, "काटे मूळ जागी आढळून आले नाहीत." वाटेत हात कुणी लावला, यावर दोन्ही गावांत चांगलीच जुंपली. पुढं घड्याळं अणदूरला परत आली तेव्हा तर प्रकरण हाताबाहेर गेलं. नेताना पूर्ण असलेला चंद्र आणताना निम्माच भरला.

"म्या चंद्राला बोट बी लावलं न्हाय," रणधीरराव भर बैठकीत म्हणाले.

समितीनं सखोल चौकशी केली आणि निष्कर्ष काढला: काटे व चंद्र यांच्या मूळ स्थितीत होणारा बदल हा घड्याळं चालू असल्यामुळे होतो, सबब काटे पंचनाम्यानुसार दहा वाजून दहा मिनिटांवर व चंद्र पूर्ण करून दोन्ही घड्याळं कायमची बंद ठेवण्यात यावीत. मनगटावर घातल्यानं पट्टा झिजतो, सबब घालूही नयेत. काचेचं कपाट झालं. त्याला दोन कुलपं लागली, एक किल्ली अणदुरात, एक नळदुर्गात.

सध्या मुक्काम अणदूरला, बब्रुवानरावांच्या घरी आहे. बब्रुवानरावांनी आपल्या घड्याळाला एकदाच, फक्त एकदाच चावी देण्याची परवानगी मागितली होती. समितीनं ती नाकारली. "चावी दिल्यास घड्याळ चालू होण्याचा संभव नाकारता येत नाही," असं कारण दिलं. आंघोळ करून ते अजूनही कपाटापाशी जातात आणि काचेला कान लावतात. काही ऐकू येत नाही. डोळे पुसतात आणि देवघरात जातात. घड्याळ बदलावं की नाही, हे मात्र अजून ठरलेलं नाही. ठरलं तर कुणाला तरी न्हाय म्हणावं लागेल.

घरी येणारा पाहुणा कपाटासमोर उभा राहून म्हणतो, "काय जपलंय हो!" तुम्हीही तेच म्हणाल. आणि हसू येत असेल तर खुशाल हसा, पण आधी उठून आपल्या शोकेसमधला तो सोनेरी काठाचा टी-सेट बाहेर काढा, त्यात चहा ओता, घरच्याच माणसांना पाजा आणि मग हसा. हात धजावत नसेल तर अणदूरला या, समिती तुम्हालाही सदस्य करून घेईल. बैठक बरोबर दहा वाजून दहा मिनिटांनी असते. कधीही या, आमच्याकडं तेवढेच वाजलेले असतात.